इन-मेमरी कॅशे (वितरित व्यवहार प्रक्रिया)

इन-मेमरी कॅशे म्हणजे वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत संगणकाच्या मुख्य स्मृतीत (रॅम) ठेवणारा तात्पुरता साठा होय. वितरित व्यवहार प्रक्रियेत, म्हणजे एकच व्यवहार अनेक संगणकांवरील डेटाबेसमध्ये मिळून पार पाडताना, वेग वाढवण्यासाठी त्याचा वापर केला जातो.

पार्श्वभूमी

वितरित व्यवहारातील सर्व बदल एकतर पूर्णपणे नोंदले जातात किंवा त्यांपैकी एकही नोंदला जात नाही. यासाठी 'टू-फेज कमिट' ही पद्धत प्रचलित आहे. तीत समन्वयक प्रथम सर्व संगणकांची तयारी विचारतो आणि सर्वांचा होकार आल्यावरच बदल कायम करण्याचा आदेश देतो. तोपर्यंत संबंधित नोंदी कुलूपबंद (लॉक) राहतात. त्यात डिस्कवरून वाचण्याच्या वेळेची भर पडते. रॅममधून वाचण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून वाचण्यास काही मिलिसेकंद लागतात.

कार्यपद्धती

माहिती प्रथम कॅशेत शोधली जाते. ती न सापडल्यास डेटाबेसमधून वाचून तिची प्रत कॅशेत ठेवली जाते. मूळ नोंद बदलल्यावर जुनी प्रत रद्द केली जाते. कॅशेमुळे कमिटसाठीचे संदेश कमी होत नाहीत. मात्र वाचनाचा भार हलका झाल्याने डेटाबेस लेखनासाठी मोकळा राहतो.

सुसंगतता

कॅशेतील प्रत शिळी असू शकते, ही या तंत्राची मुख्य मर्यादा आहे. समजा, एका प्रक्रियेने डेटाबेसमधून मूल्य वाचले. ते कॅशेत ठेवण्यापूर्वीच दुसऱ्या व्यवहाराने मूळ नोंद बदलून कॅशेतील प्रत रद्द केली, तर पहिली प्रक्रिया नंतर जुनेच मूल्य कॅशेत ठेवते. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ च्या शोधनिबंधात यावर 'लीज' हा उपाय मांडला. प्रत न सापडल्यास कॅशे वाचकाला एक टोकन देतो; दरम्यान नोंद रद्द झाल्यास ते टोकन बाद होते आणि जुने मूल्य स्वीकारले जात नाही.

रेल्वे आरक्षणात शिल्लक जागांचा आकडा कॅशेतून दाखवता येतो. शेवटची जागा देताना मात्र डेटाबेसमधील ताजी नोंद कुलूपबंद करूनच निर्णय घ्यावा लागतो, अन्यथा एकच जागा दोन प्रवाशांना दिली जाऊ शकते.

प्रमुख प्रणाली

मेमकॅश्ड ही प्रणाली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी तयार केली. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी विकसित केलेली रेडिस ही प्रणाली २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. रॅममधील मजकूर वीज जाताच नष्ट होतो. त्यामुळे व्यवहाराची अधिकृत नोंद सामान्यतः डेटाबेसमध्येच ठेवली जाते.