जुडासचा अंकुश झाला

नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली ती १९७०च्या मार्चमध्ये. वाशी-नेरुळकडे तेव्हा मिठागरं आणि भातशेती होती. खाडीपलीकडच्या मुंबईत मात्र कॉलेजची पोरं इलेक्ट्रिक गिटारच्या नादाला लागली होती. सिमला सिगारेटच्या प्रचारासाठी ‘सिमला बीट’ नावाची बँडची देशव्यापी स्पर्धा भरत असे. १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षी त्यातल्या बँडच्या तबकड्या निघाल्या. मद्रासचा ‘कन्फ्यूजन्स’, शिलाँगचा ‘फेंटोन्स’ आज ऐकायला मिळतात ते या तबकड्यांमुळेच. परदेशातले संग्राहक त्यांना गॅरेज रॉकचा ठेवा मानतात.

गॅरेज रॉक म्हणजे साठच्या दशकात अमेरिकेतल्या हौशी पोरांनी घरच्या गॅरेजात वाजवलेलं संगीत. मोजके कॉर्ड, खरखरीत गिटार, घसा ताणून गाणं. आपल्याकडे परदेशी गिटार मिळणं दुरापास्त होतं आणि आयात कर जबर होता. तरीही ही मुलं वाजवत राहिली, याचं मला फार मोल वाटतं.

त्यांच्यातलाच एक नंदू भेंडे. ‘झोपी गेलेला जागा झाला’ गाजवणारे आत्माराम भेंडे आणि अभिनेत्री आशा भेंडे यांचा हा मुलगा इंग्रजी रॉक गाऊ लागला. ‘व्हेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेजेस’ या मुंबईच्या बँडमध्ये तो गायला. कुलाब्यात तेव्हा ‘स्लिप डिस्क’ नावाचा डिस्कोथेक होता. लेड झेपेलिन या रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले असताना तिथल्याच स्टेजवर इथल्या वादकांबरोबर वाजवून गेले.

१९७४ साली दिग्दर्शक अलेक पदमसींनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक बसवलं. नंदू जुडास झाला, तर ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचा गायक मधुकर चंद्र दास येशू. चार वर्षांनी ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेलं ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीने आणलं. दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यात अंकुश हा गुन्हेगार नायक रंगवला नंदूनेच. बँडमध्ये तयार झालेला गळा मराठी प्रेक्षकांसमोर आला तो असा. रॉक म्हणजे श्रीमंत पोरांचे चोचले, ही आपल्याकडची जुनी समजूत या एका भूमिकेसमोर मला लंगडी वाटते.

‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’च्या वाट्याला मात्र एकच तबकडी आली, ‘ऑब्सेशन ७७’. नावात ७७ असलेली ही तबकडी बाजारात यायला १९८१ उजाडलं, तोवर बँड जवळजवळ विखुरला होता. पुढे अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीने त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण नव्याने काढलं आणि जगाने त्यांना ऐकलं. नंदू भेंडे २०१४ साली गेले.

मिठागरांच्या त्या गावांचं आता शहर झालं आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१९ साली यू-टू येऊन गेला, २०२५च्या जानेवारीत कोल्डप्लेने तीन रात्री गाजवल्या. प्रेक्षक आहेत, तिकीट काढण्याची तयारीही आहे. पण स्टेडियम भरून टाकणारा बँड आधी दोनशे माणसांसमोर घडतो आणि अशा छोट्या जागांचीच चणचण आहे. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहाने महिन्यातली एक संध्याकाळ परवडणाऱ्या भाड्यात इथल्या कॉलेजांतल्या बँडना द्यावी. ‘तीन पैशाचा तमाशा’ डोक्यावर घेणाऱ्या मराठी रंगभूमीला हे परकं वाटण्याचं कारण नाही.