ग्राहकाच्या आवारातील दूरध्वनी सीमांकन साधने : संज्ञांचा विचार

प्रस्तावना :
दूरध्वनी बंद पडला की तो दुरुस्त कोणी करावयाचा आणि खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यवहाराचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर भिंतीवरील एका लहानशा पेटीपाशी मिळते. केंद्राकडून येणारी तार कंपनीची, घरात फिरणारी तार ग्राहकाची. या दोहोंमधील बांध म्हणजे ही पेटी. मात्र तिच्यासाठी रूढ असलेल्या संज्ञा समानार्थी नाहीत आणि मराठीत त्या सरसकट एकाच शब्दाने उतरविल्यास अर्थाचा घोटाळा होतो.

पार्श्वभूमी :
अमेरिकेत दीर्घकाळ अशा बांधाची गरजच नव्हती. तारही कंपनीची, यंत्रही कंपनीचे. बाहेरचे साधन जोडण्यास एटी अँड टी कंपनीच्या नियमांनुसार मनाई असे. १९६८ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामक आयोगाने 'कार्टरफोन' प्रकरणात ही मनाई मोडीत काढली. तरीही मध्ये आपलेच संरक्षक साधन बसविण्याचा आग्रह कंपनीने सोडला नाही. १९७५ मध्ये आयोगाने नोंदणीची पद्धत स्वीकारली, तेव्हा कोठे नोंदणीकृत साधने थेट जोडण्याचा मार्ग मोकळा झाला. 'आरजे-११' या परिचित नावातील 'आरजे' म्हणजे 'रजिस्टर्ड जॅक'. हे नाव त्या नोंदणीचीच खूण होय. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीचे विभाजन झाले. घरातील तारांची जबाबदारीही त्या दशकात ग्राहकाकडे येत गेली, आणि सीमा नेमकी कोठे हे ठरविणे अपरिहार्य झाले.

संज्ञाभेद :
'डिमार्केशन पॉइंट' ही कायद्याची संज्ञा आहे. ती वस्तू नव्हे. कंपनीचे दायित्व जेथे संपते तो बिंदू होय. स्वतंत्र घराच्या बाबतीत विजेच्या लोटापासून बचाव करणाऱ्या संरक्षकापासून १२ इंचांच्या आत, आणि संरक्षक नसल्यास तार आवारात शिरते तेथून १२ इंचांच्या आत, तो असावा असे नियम सांगतो. 'नेटवर्क इंटरफेस डिव्हाइस' ही मात्र हाताला लागणारी पेटी. तिचा एक कप्पा कंपनीसाठी बंद, दुसरा ग्राहकास उघडता येण्याजोगा. ग्राहकाच्या कप्प्यातील लहान प्लग उपसला की घरातील सर्व तारा तुटक होतात. त्या जागी चांगला चालणारा फोन लावून आवाज आला, तर दोष घरात. न आल्यास कंपनीच्या बाजूस. तंटा मिटविण्याची इतकी साधी सोय क्वचितच आढळते. तिसरी संज्ञा 'मिनिमम पॉइंट ऑफ एन्ट्री' ही स्थळवाचक असून तिचे महत्त्व मुख्यतः अनेक गाळ्यांच्या इमारतीत जाणवते. तंत्रज्ञ बोलताना तिन्हींना 'डिमार्क' म्हणतात. बोलण्यात ते खपते, पाठ्यपुस्तकात खपू नये.

ब्रिटनमध्ये हीच पेटी घराच्या आत असते आणि तिचे नाव 'नेटवर्क टर्मिनेटिंग इक्विपमेंट'. त्यातील 'एनटीई-५' हा प्रकार सर्वत्र दिसतो. सामान्य ग्राहक त्यास 'मास्टर सॉकेट' म्हणतो. तिच्या दर्शनी झाकणाचा खालचा अर्धा भाग काढता येतो व मागे चाचणीचे सॉकेट असते. अमेरिकी नाव दोन बाजूंची भेट सुचविते, तर ब्रिटिश नाव कंपनीच्या जागी उभे राहून आपले जाळे येथे संपले असे सांगते. 'मास्टर सॉकेट' हे नाव मात्र घरात बसलेल्या माणसाने दिल्यासारखे आहे. त्यात सीमा नाही, फक्त मुख्य आणि दुय्यम असा भेद आहे.

हा दृष्टिभेद शाब्दिक नाही, हे आयएसडीएन सेवेत स्पष्ट झाले. तेथील 'एनटी-१' हे साधन युरोपात कंपनीचे मानले गेले. अमेरिकेत आयोगाच्या धोरणामुळे ते ग्राहकाचे ठरले. साधन तेच, कार्य तेच, पण बांधाच्या दोन भिन्न बाजूंस. परिणामी अमेरिकी ग्राहकास ते स्वतः विकत घ्यावे लागे.

मराठी प्रतिशब्द :
भूमापनातील 'सीमांकन' हा शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे. त्यावरून कायदेशीर संज्ञेसाठी 'सीमांकन बिंदू', वस्तूसाठी 'सीमापेटी' आणि स्थळासाठी 'तारप्रवेशस्थान' असे तीन शब्द वेगळे राखता येतील. 'जोडणी पेटी' हा सोपा शब्द टाळणेच बरे, कारण रस्त्यावरील वितरण पेटीही जोडणीचीच असते. आपल्याकडील 'रोझेट' हा शब्दही सीमापेटीसाठी योजू नये. रोझेट ही तार आणि यंत्र जोडणारी डबी. दायित्वाची विभागणी त्या नावातून व्यक्त होत नाही.

प्रकाशतंतूच्या जोडणीमुळे या शब्दांची पुन्हा कसोटी लागते. 'ऑप्टिकल नेटवर्क टर्मिनल' हे साधन बहुधा कंपनीचे असते, परंतु ते ग्राहकाच्या घरात, ग्राहकाच्या विजेवर चालते. तांब्याच्या तारेस केंद्राकडूनच वीज मिळे. येथे घरातील वीज गेली आणि बॅटरी नसली, तर दूरध्वनीही बंद. अशा वेळी साधनाची मालकी कंपनीकडे राहते आणि ते चालू ठेवण्याचा भार ग्राहकाकडे जातो. तेथे 'सीमापेटी' हा शब्द वापरताना सीमा मालकीची की विजेची, हे वाक्यातच स्पष्ट करावे लागेल.