अंदाज बरोबर, खातं रिकामं

सिंगापूरच्या इंटरनेट कंपन्यांचा विषय निघाला की आपल्या मंडळींत हमखास कुणीतरी म्हणतं, "तोट्यातली कंपनी आणि भाव बघा! शॉर्ट मारायचा आणि गप्प बसायचं." यातलं 'गप्प बसायचं' सगळ्यात महाग पडतं.

सी लिमिटेडचंच घ्या. शॉपी हे खरेदीचं ॲप आणि फ्री फायर हा मोबाइलवरचा खेळ यांच्या मागची ही सिंगापूरची कंपनी. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात १५ डॉलरला आला. २०२० उजाडलं तेव्हा भाव होता ४० च्या आसपास, आणि आदल्या वर्षाचा तोटा १४० कोटी डॉलरहून अधिक. महाग वाटावा असाच हा भाव. समजा, तेव्हा कुणी १०० शेअर उसने घेऊन विकले. हाती आले ४,००० डॉलर. कंपनी पार बुडाली तरी त्याहून जास्त फायदा नाही. नुकसानीला मात्र वरची मर्यादाच नाही.

पुढे काय झालं? कोविडमध्ये लोक घरात बसले, खरेदी आणि खेळ दोन्ही मोबाइलवर आले, अमेरिकेत व्याजदर शून्याला टेकले. सीचा २०२० चा तोटा आणखी वाढला आणि शेअर जवळपास पाचपट झाला! वर्षअखेरीस ते उसने १०० शेअर परत करायला सुमारे २०,००० डॉलर लागले असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये भावाने ३७० ओलांडले. मग वारं फिरलं. जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या टेन्सेंटने सीमधला आपला हिस्सा कमी केला, फेब्रुवारीत भारताने फ्री फायरवर बंदी घातली, मार्चमध्ये शॉपीने भारतातून गाशा गुंडाळला, व्याजदरही चढू लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेअर ५० च्या खाली, म्हणजे जवळजवळ मूळ जागी.

मंदीवाल्याचं निदान अगदीच चूक नव्हतं. पण मार्जिन (सौद्यासाठीची तारण रक्कम) भरा, असा ब्रोकरचा तगादा २०२० मध्येच लागला असता. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर न विचारता सौदा कापतो. शिवाय उसन्या शेअरचं भाडं रोज चालूच. आणि पडझडीनंतर 'आता ही संपलीच' म्हणून जे शॉर्ट करायला धावले, त्यांना २०२३ मध्ये कंपनीने पहिला वार्षिक नफा दाखवला.

दुसरा गैरसमज असा, की सिंगापुरात शॉर्ट सेलिंगला बंदी आहे. नाही. तिथल्या बाजारात ११ मार्च २०१३ पासून अशा विक्रीच्या ऑर्डरवर तशी खूण करावी लागते आणि आकडे बाजार स्वतः जाहीर करतो. शेअर वेळेवर दिले नाहीत तर ते बाजारातून सक्तीने विकत घेतले जातात, आपल्याकडच्या ऑक्शनसारखेच. अर्थात सी न्यूयॉर्कमध्ये आणि तिथलीच दुसरी इंटरनेट कंपनी ग्रॅब २ डिसेंबर २०२१ पासून नॅस्डॅकवर नोंदलेली असल्यामुळे त्यांना अमेरिकेचेच नियम लागू.

तिसरा: शॉर्टवाले म्हणजे अफवा पसरवणारी टोळी. इथे इंटरनेट कंपन्या सोडून सिंगापूरच्याच शेतमाल-खनिजाच्या व्यापाराकडे बघावं लागतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मडी वॉटर्स या शॉर्ट विक्रेत्या संस्थेच्या कार्सन ब्लॉकने ओलाम या व्यापारी कंपनीच्या हिशोबावर तोफ डागली. सिंगापूर सरकारची गुंतवणूक कंपनी टेमासेक ओलामच्या पाठीशी उभी राहिली, २०१४ मध्ये तिने कंपनीचा ताबाच घेतला; ओलाम बुडाली नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये आइसबर्ग नावाने निनावी अहवाल आले, ते याच व्यापारातल्या नोबल ग्रुपवर. नोबलची २०१८ मध्ये कर्ज-पुनर्रचना झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सिंगापूरच्या नाणे प्राधिकरणाने तिला १.२६ कोटी सिंगापूर डॉलरचा दंड ठोठावला. एकदा शॉर्टवाले चुकले, एकदा त्यांनी लेखापरीक्षकांच्या आधी दुखणं ओळखलं. अहवाल कुणाचा यापेक्षा त्यातले आकडे तपासलेले बरे.

आता पुण्या-नाशिकच्या वाचकासाठी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात, शेअर विकत घ्यायलाही. परदेशी बाजारात मार्जिन भरण्यासाठी मात्र ते पाठवायला मनाई आहे. तेव्हा 'सी शॉर्ट करा' म्हणणारं ॲप भेटलं, तर पैसे कुठल्या नियमाखाली पाठवायचे, एवढं त्याला आधी विचारा.