गाडीतली वीज – भाग ९ : डॅशबोर्डवरचे रिकामे खटके

गाडीत बसल्यावर स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, गुडघ्याच्या थोडं वर पाहा. हेडलाइटचा झोत वर-खाली करणारं एक दातेरी चाक असेल, एखादं खरं बटण असेल आणि शेजारी काळ्या प्लास्टिकच्या एक-दोन चौकटी असतील. त्या कितीही दाबल्या तरी आत जात नाहीत. वायरमन मंडळी त्यांना ‘डमी’ म्हणतात. टॉप मॉडेलमध्ये तिथे फॉग लॅम्पचं किंवा आणखी कसलं तरी बटण असतं. डॅशबोर्डचा साचा बनवणं फार खर्चाचं काम, म्हणून कंपनी साचा एकच ठेवते आणि स्वस्त मॉडेलमधली भोकं डमी लावून बुजवते. बेस मॉडेल घेणाऱ्याला आपण काय घेतलं नाही, हे रोज दाखवणारी ही सोय तशी निर्दयीच म्हणायची.

काही बटणं खरी असतात, पण त्यांना काम नसतं. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊ नये म्हणून दिलेलं बटण काहीजण गाडी सुरू करताच दाबतात, तर काहीजण वर्षानुवर्षं त्याला हात लावत नाहीत. युरोपीय घडणीच्या गाडीत सीट गरम करण्याचं बटण असेल, तर नागपूरच्या मे महिन्यात त्याचं काय करायचं? मग मनात येतं की या बटणावर फॉग लॅम्प, पायाजवळचा दिवा किंवा टायरमध्ये हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर चालवता आला तर? डॅशबोर्डला भोक पाडून चिनी टॉगल स्विच बसवण्यापेक्षा हा विचार शंभर पटींनी चांगला आहे. कंपनीचं बटण अंधारात हाताला नेमकं सापडतं, रात्री इतर बटणांबरोबर उजळतं आणि गाडी विकताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपत नाही.

ही हौस आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपला कंपनीच ‘अपफिटर’ नावाचे मोकळे खटके देते. तारा ओढून ठेवलेल्या असतात. मालकाने बर्फ ढकलणारा फाळ जोडावा नाहीतर कामाचा दिवा, त्याची मर्जी. जीप रँगलरलाही असे चार मोकळे खटके जादा पैसे मोजून मिळतात. आपल्याकडे अशी सोय सहसा नसते, त्यामुळे आधी बटणाच्या पाठीमागे काय चाललंय हे समजून घ्यावं लागतं.

आज एकच उदाहरण घेऊ : पावसाळ्यात आंबोलीचा घाट चढणारी जुन्या घडणीची गाडी, बेस मॉडेल, फॉग लॅम्प नाहीत. धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब प्रकाश परत डोळ्यांत फेकतात. फॉग लॅम्प खाली बंपरमध्ये बसतो आणि त्याचा रुंद, वरून कापलेला झोत रस्त्यालगत पसरतो, म्हणून त्याचा उपयोग. बाजारात मिळणारे साधे हॅलोजन फॉग लॅम्प 55 वॉटचे असतात. दोन दिव्यांचे 110 वॉट, त्याला 12 व्होल्टने भागलं की जवळपास 9 अँपिअर करंट येतो.

डॅशबोर्डवरच्या बटणाची इवलीशी पितळी पट्टी 9 अँपिअर फार दिवस सोसत नाही. आधी बटण गरम लागतं, मग प्लास्टिकचा वास येतो, आणि एखाद्या रात्री दिवे लागत नाहीत किंवा विझत नाहीत. म्हणून मध्ये रिले हवा. बटण म्हणजे हुकूम सोडणारा मुकादम आणि ओझं उचलणारा हमाल म्हणजे रिले, ही कामाची वाटणी एकदा डोक्यात बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

गाडीचा साधा रिले हातात घेतला की त्याच्या पायांवर आकडे कोरलेले दिसतात : 30, 85, 86, 87. ही जर्मन मानकातली क्रमांकांची पद्धत आहे. 30 म्हणजे बॅटरीचा प्लस, 87 म्हणजे दिव्याकडे जाणारी वायर, आणि 85 व 86 ही आतल्या कॉइलची दोन टोकं. पाचवा पाय 87ए असेल तर तो रिले बंद असताना जोडलेला असतो. आपल्याला त्याची गरज नाही. कॉइलचा रोध साधारण 80 ते 90 ओहम असतो, म्हणजे बटणातून जेमतेम 0.15 अँपिअर वाहतो. नऊ अँपिअर कुठे आणि हा कुठे! बटण गाडीइतकंच टिकेल.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसवरून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घ्या आणि तिच्यात 15 अँपिअरचा, म्हणजे निळा, फ्यूज घाला. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूज दिवा वाचवण्यासाठी असतो, असा गैरसमज फार पसरलेला आहे. तो वायर जळू नये म्हणून असतो. तो दिव्याजवळ बसवला आणि मधली वायर कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली, तर बॅटरीचा सगळा करंट त्या जागी उतरतो आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही. फ्यूजमधून निघालेली वायर 30 वर, 87 वरून दिव्यांकडे, दिव्यांचा मायनस रंग खरवडून स्वच्छ केलेल्या बॉडीच्या बोल्टवर. 85 हे टोक अर्थला आणि 86 आपल्या बटणाकडे. केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याला नवं भोक पाडू नका. गाडीच्या तारांचा जुडगा, म्हणजे हार्नेस, जिथून जातो त्याच रबरी ग्रोमेटमधून वाट काढा.

आता बटणाला प्लस कुठून द्यायचा? घाईतला वायरमन तो थेट बॅटरीवरून देतो, कारण ते सोपं असतं. मग गाडी बंद करून मालक घरी जातो, दिवे तसेच राहतात आणि सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. पार्किंग लाइटच्या वायरवरून प्लस घेतला तर पार्किंग लाइट बंद होताच फॉग लॅम्पही विझतात. फ्यूजबॉक्समधून घ्यायचा असेल तर फ्यूज टॅप नावाची क्लिप मिळते. तिच्यात बटणासाठी वेगळा दोन-तीन अँपिअरचा फ्यूज बसतो आणि एकही मूळ वायर सोलावी लागत नाही.

बटणाचं म्हणाल तर टॉप मॉडेलचं अस्सल बटण स्पेअर पार्टच्या दुकानात मागवता येतं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, तिथे ते स्वस्तात सापडू शकतं. रिले आणि मल्टिमीटरसाठी लॅमिंग्टन रोड. पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. डमी काढताना आत टॉर्च मारून पाहायला विसरू नका. काही कंपन्या सगळ्या मॉडेलला एकच हार्नेस घालतात. मग डमीच्या मागे टेप गुंडाळलेला तयार कपलर लोंबत असतो आणि निम्मं काम आधीच झालेलं असतं.

कपलर नसेल तर बटणाचे पाय मल्टिमीटरने ओळखावे लागतात. दोन पाय खटक्याचे, बाकीचे आतल्या दिव्यांचे : एक दिवा रात्री चिन्ह उजळतो, दुसरा बटण चालू आहे हे सांगतो. पहिला पार्किंगच्या वायरवर, दुसरा 86 वर. पण बटण दाबल्यावर आत बसून राहतं की बोट काढताच परत येतं, हे त्याआधी तपासा. मागच्या काचेच्या डीफॉगरची बटणं पुष्कळदा दुसऱ्या जातीची असतात, कारण त्यांच्यामागे ठरावीक मिनिटांनी बंद करणारा टायमर असतो. असं बटण साध्या रिलेवर जोडलं तर दिवे बोट टेकलेलं असेपर्यंतच लागतात. त्यासाठी इम्पल्स रिले घ्यावा लागतो : एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद.

इथपर्यंतची कहाणी जुन्या गाड्यांची. नव्या गाडीत खरं बटण दाबलं की दिव्याकडे करंट जात नाही, नुसता निरोप जातो. बॉशने कॅन बस ही पद्धत 1986 साली जाहीर केली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांना संदेश पाठवतात. बटणं त्यांतल्या एखाद्या कॉम्प्युटरला बांधलेली असतात. स्टिअरिंगवरची बटणं तर अनेक गाड्यांत एकाच तारेवर असतात. प्रत्येकाचा रेझिस्टर वेगळा, आणि व्होल्टेज किती पडलं यावरून कुठलं बटण दाबलं ते कळतं. असल्या तारेवर रिलेची कॉइल टांगली तर कॉम्प्युटर गोंधळतो. नशीब फुटकं असेल तर त्याच्या आतला ट्रान्झिस्टरही जातो, कारण बंद होताना कॉइल क्षणभर उलट्या दिशेने मोठा झटका देते. तो झटका जिरवणारा डायोड आतच असलेले रिले मिळतात, तेच घ्यावेत. मात्र त्यांत 85 आणि 86 ची अदलाबदल चालत नाही.

वायरमनचा लाडका टेस्ट लॅम्पही इथे नको. त्यातला पाच वॉटचा बल्ब 0.4 अँपिअर ओढतो, कॉम्प्युटरच्या तारेला तो जड जातो. मल्टिमीटर वापरा. पिवळा कपलर दिसला तर मल्टिमीटरही लांब ठेवा. तो एअरबॅगचा असतो. माझं मत विचाराल तर नव्या गाडीतल्या खऱ्या बटणाच्या वाटेला जाऊच नये. सिग्नलला इंजिन बंद होऊ न देणारं बटण नको असेल तर नको, ते तिथे राहू द्या. डमीच्या जागी कंपनीचं नवं बटण बसवा, त्याची वायरिंग संपूर्ण स्वतंत्र ठेवा आणि गाडीच्या हार्नेसमधून फ्यूज टॅपवरचा प्लस तेवढा घ्या. वॉरंटी चालू असेल तर हेही कंपनीच्या ॲक्सेसरी किटने, कपलरला कपलर जोडून करून घेतलेलं बरं. कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरला हात झटकायला निमित्त मिळतं.

कोणतं बटण घ्यायचं नाही हेही सांगायला हवं. धोक्याच्या त्रिकोणाचं म्हणजे हॅझार्डचं बटण, घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचं बटण, यांच्याकडे पाहायचंही नाही. आणि बटणावर काय लावायचं याचाही विचार हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 119 वा नियम अनेक सुरांचा हॉर्न बसवायला मनाई करतो आणि 111 वा नियम पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला. बंपरवर लांबलचक एलईडी पट्ट्या लावून घाटात समोरच्याला आंधळं करणाऱ्यांना हे सांगून उपयोग होत नाही, पण तुम्ही तरी त्यांत जाऊ नका.

शेवटी चिन्हाची बाब. पुढच्या फॉग लॅम्पचं चिन्ह म्हणजे डावीकडे प्रकाश फेकणारा दिवा आणि त्याच्या तिरक्या रेघा कापणारी एक नागमोडी रेघ. चालू असल्याचा दिवा हिरवा. मागच्या फॉग लॅम्पचं तोंड उजवीकडे आणि रंग पिवळट नारिंगी. काम पुढच्या दिव्यांचं असेल तर बटणही पुढच्याच चिन्हाचं आणा. सीट गरम करण्याच्या चिन्हावर कॉम्प्रेसर चालत असेल, तर तुम्हाला ते पाठ होईल, पण गाडी चालवायला घेणाऱ्या मेहुण्याला कसं कळणार? रिले कुठे लपवलाय, कुठल्या रंगाची वायर कुठून आली आणि फ्यूज किती अँपिअरचा, एवढं एका कागदावर लिहून ग्लोव्हबॉक्समध्ये, गाडीच्या पुस्तिकेत ठेवा. पुढचा वायरमन तुम्हाला दुवा देईल.

(पुढच्या आठवड्यात : अर्थिंग, आणि दिवे मंद का होतात)