‘नो अ‍ॅडेड शुगर’ आणि आगाशीची सुकेळी: प्रोटीन बारचं पाकीट कसं वाचायचं?

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा विरार फास्टच्या गर्दीत अर्धाच ऐकून झाला, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला मजकूर. बोलताना आकडे भरभर निघून जातात, इथे ते निवांत बघता येतील.

आजचा विषय आहे प्रोटीन बार. सुपरमार्केटमध्ये बिलिंग काउंटरच्या शेजारी रचून ठेवलेले असतात ना, तेच. आणि सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करते.

गेल्या वर्षी पप्पांचा एचबीए1सी 6.0 आला. ही टेस्ट साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबिटीसचा उंबरठा. पप्पा रोज विरार-चर्चगेट करतात, आणि परतताना स्टेशनवर वडापाव ठरलेला. मी म्हटलं, हा वडापाव बंद करूया. विरार पश्चिमेच्या एका सुपरमार्केटमधून प्रोटीन बारचा अख्खा बॉक्स आणला. पुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘हाय प्रोटीन’, ‘नो अ‍ॅडेड शुगर’.

पहिला बार खाल्ल्यावर पप्पा म्हणाले, “अगं, साखर नाही म्हणतेस, मग एवढा गोड कसा?”

मी म्हटलं, “पप्पा, खजूर आहे त्यात. नैसर्गिक आहे, खा तुम्ही बिनधास्त.”

पप्पांनी खाल्ले. बिनधास्त म्हटल्यावर कधीकधी दोन खाल्ले. तीन महिन्यांनी एचबीए1सी आला 6.3. आता हे सगळं त्या बारनेच केलं असं मी म्हणणार नाही, बाकीचं खाणं, झोप, चालणं सगळंच धरावं लागतं. पण डॉक्टरांनी संध्याकाळी काय खाता विचारलं, पप्पांनी बॅगेतून पाकीट काढून दिलं, आणि डॉक्टरांनी ते उलटं केलं. मी तीन महिन्यांत ते एकदाही उलटं केलं नव्हतं.

मागे काय होतं? 100 ग्रॅममागे 400 कॅलरी, प्रोटीन 17 ग्रॅम, एकूण साखर 30 ग्रॅम, वरून घातलेली साखर 0. बार 60 ग्रॅमचा. म्हणजे एका बारमध्ये 240 कॅलरी, साधारण 10 ग्रॅम प्रोटीन आणि 18 ग्रॅम साखर. चार चमच्यांहून जास्त!

घरी येऊन आजीला सांगितलं. आमची आजी आगाशीची. ती म्हणाली, “सुकेळीत तरी कोण साखर घालतं गं? म्हणून डायबिटीसवाल्याला रोज सुकेळी देतात का?”

झालं. जे पाकिटावरून मला कळलं नाही, ते आजीने एका वाक्यात सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्या सुक्या पानांत बांधलेली. आपल्या वसईची खासियत. तिच्यात केळ्याशिवाय काहीच नसतं, पण पाणी उडून गेल्यामुळे केळ्याची साखर एकवटते. खजुराचंही तेच. साखर वरून घातली की फळातूनच आली, एवढाच फरक. खजुरात फायबर असतं हे खरं, पण 18 ग्रॅम साखर ती 18 ग्रॅमच.

तर आता बार हातात घ्या आणि उलटा करा. मी पाच गोष्टी बघते.

एक: आकडे कशाचे आहेत?

तक्ता 100 ग्रॅमचा आहे की एका बारचा, हे आधी बघा. ‘17 ग्रॅम प्रोटीन’ वाचून आपण खूश होतो, आणि बार असतो 40 ग्रॅमचा. मग पोटात जातं सातच्या खाली. वजन बघा, गुणाकार करा. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.

दोन: प्रोटीन जास्त की कॅलरी?

सोपी युक्ती सांगते. प्रोटीनच्या ग्रॅमना दहाने गुणा. उत्तर कॅलरीच्या आकड्याजवळ आलं, तर तो खरोखर प्रोटीनसाठीचा बार. आमच्या बारचं बघा: 10 गुणिले 10 म्हणजे 100, आणि कॅलरी 240. निम्म्यालाही पोचत नाही. हा प्रोटीन घातलेला खाऊ झाला. 20 ग्रॅम प्रोटीन आणि 220 कॅलरी असेल तर ठीक. हा काही कायदा नाही, दुकानात उभ्या उभ्या करायचा अंदाज आहे.

मग पुढे ‘हाय प्रोटीन’ कसं लिहितात? एफएसएसएआयच्या 2018 च्या नियमांप्रमाणे, घन पदार्थात 100 ग्रॅममागे रोजच्या गरजेच्या 20 टक्के प्रोटीन असेल तर तसा दावा करता येतो. आयसीएमआर-एनआयएनच्या 2020 च्या शिफारशीनुसार 65 किलोच्या पुरुषाची रोजची गरज 54 ग्रॅम. त्याचे 20 टक्के म्हणजे जेमतेम 11 ग्रॅम. आता गंमत बघा, आपल्या चपातीच्या पिठात 100 ग्रॅममागे 10 ते 12 ग्रॅम प्रोटीन असतं! म्हणजे दावा खोटा नाही, पण पट्टी खाली आहे.

तीन: पहिले तीन घटक कोणते?

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिल्या तिनात व्हे प्रोटीन, मिल्क प्रोटीन, सोया प्रोटीन, शेंगदाणे किंवा बदाम दिसले तर चांगली खूण. खजूर, ग्लुकोज सिरप, चॉकलेटचं कोटिंग दिसलं, तर काय समजायचं ते समजा.

इथे एक चलाखी असते. साखर एकाच नावाने घातली तर ती यादीत वर येते. पण थोडं ग्लुकोज सिरप, थोडा मध, थोडी ब्राऊन शुगर, थोडं माल्टोडेक्स्ट्रिन असं वाटून टाकलं की प्रत्येक नाव खाली सरकतं. म्हणून गोड नावं मोजा. तीन-चार निघाली की सावध व्हा.

आणि आयएनएस नंबर बघून घाबरू नका. 322 म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं. 422 म्हणजे ग्लिसरीन, बार मऊ राहावा म्हणून. नंबर असला म्हणजे विष असं नसतं. नंबर कशाचा आहे ते बघायचं, एवढंच.

चार: साखरेच्या दोन्ही ओळी

तक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन ओळी असतात. घरात कुणाला डायबिटीस असेल किंवा तो उंबरठ्यावर असेल, तर पहिली ओळ वाचा, आणि तिच्या वरची एकूण कार्बोहायड्रेटची सुद्धा. मी फक्त दुसरी वाचली, तीही पुढच्या बाजूला.

काही बारमध्ये साखर खरंच कमी असते, पण मॅल्टिटॉल असतं. त्याचा नंबर 965. साखरेच्या साधारण निम्म्या कॅलरी, रक्तातली साखरही कमी वाढते, पण अजिबात वाढत नाही असं नाही. आणि जास्त झालं तर पोट बिघडतं. मी एकदा जिमनंतर असे दोन बार खाऊन विरार फास्टमध्ये चढले. सव्वा-दीड तासाचा प्रवास, आणि लोकलच्या डब्यात टॉयलेट नसतं. पुढचं सांगत नाही.

पाच: एक ग्रॅम प्रोटीन कितीला पडलं?

आमचा बार 80 रुपयांचा, प्रोटीन 10 ग्रॅम. ग्रॅमला 8 रुपये. 50 ग्रॅम फुटाण्यांत साधारण तेवढंच प्रोटीन मिळतं, दहा रुपयांच्या आसपास. दोन उकडलेल्या अंड्यांत 12 ग्रॅम. शेंगदाण्यांत 100 ग्रॅममागे 25 ग्रॅम, फक्त त्यांत तेलही भरपूर, म्हणून मूठभरच. आणि सुके बोंबील तर प्रोटीनचा खजिना, पण ते लोकलमध्ये उघडलेत तर डबा रिकामा होईल!

मग बार खायचाच नाही का? तसं नाही. प्रवासात, जिमनंतर, जेवायला उशीर होणार असेल तेव्हा चांगला बार कामाला येतो. मी अजूनही बॅगेत एक ठेवते. फक्त तो जेवण नाही आणि औषध तर नाहीच. आयसीएमआर-एनआयएनने मे 2024 मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यातही बॉडी बनवायला प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच सांगितलंय. आणि घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक बातमी आठवत असेल. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं, की बोर्नव्हिटासकट अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढा. कारण काय, तर अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. वर्षानुवर्षं आपण ज्या शब्दावर विश्वास ठेवला, त्याला कायद्यात अर्थच नव्हता. म्हणून म्हणते, पुढची बाजू विकण्यासाठी असते, मागची वाचण्यासाठी.

पप्पांचं आता काय चाललंय? बॅगेत छोटी डबी असते, फुटाणे आणि मूठभर शेंगदाणे. बोरिवली गेलं की उघडते. शेजारचे काकाही हात घालतात, त्यामुळे आई हल्ली डबी जरा मोठी भरते. पुढची टेस्ट दिवाळीनंतर आहे, रिझल्ट सांगेन तुम्हाला. आणि सुपरमार्केटमध्ये पप्पा आता चष्मा लावून प्रत्येक पाकीट उलटं करतात, मागे रांग लागली तरी.

तुमच्यासाठी आजचं काम एकच. घरात जो काही ‘हेल्दी’ खाऊ पडलाय, तो उलटा करा आणि पहिले तीन घटक मोठ्याने वाचा. आईबाबा शेजारी असतील तर त्यांनाही ऐकू द्या. चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!