विश्वचषक, रस्ता-सायकल शर्यतींचा

सायकलच्या निवडक एकदिवसीय रस्ता-शर्यतींत मिळविलेल्या गुणांची वर्षअखेर बेरीज करून सर्वश्रेष्ठ स्पर्धक ठरविणारी मालिका-स्पर्धा. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियंत्रणाखाली ती पुरुषांसाठी १९८९ ते २००४ या काळात आणि स्त्रियांसाठी १९९८ ते २०१५ या काळात भरविली गेली. फुटबॉल वा क्रिकेट यांच्या विश्वचषकाप्रमाणे ही स्पर्धा एका देशात, ठरलेल्या मुदतीत खेळली जात नसे. मार्चमध्ये इटलीतील मिलान–सान रेमो शर्यतीने तिचा प्रारंभ होई आणि अखेरच्या वर्षांत ऑक्टोबरमधील लाँबार्डीच्या फेरीने ती इटलीतच समाप्त होई. मधल्या शर्यती स्वतंत्र आयोजकांच्या, स्वतंत्र बक्षिसांच्या असत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे केवळ गुणतालिका.

यूरोपातील एकदिवसीय शर्यतींची परंपरा जुनी आहे. लिएझ–बास्तोन्य–लिएझ ही १८९२ मध्ये, पॅरिस–रूबे १८९६ मध्ये, लाँबार्डीची फेरी १९०५ मध्ये, मिलान–सान रेमो १९०७ मध्ये, तर फ्लँडर्सची फेरी १९१३ मध्ये सुरू झाली. यांतील बहुतेकींच्या मुळाशी वृत्तपत्रांचा खप वाढविण्याचा हेतू होता. प्रत्येकीचे स्वरूप वेगळे आहे. मिलान–सान रेमो ही सु. ३०० किमी. लांबीची शर्यत बव्हंशी सपाटीवरून जाते व शेवटच्या छोट्या टेकड्यांवर आणि सागरतीरावरील अखेरच्या मुसंडीत तिचा निकाल लागतो. पॅरिस–रूबेमध्ये सु. ५० किमी. अंतर ओबडधोबड दगडी फरसबंदीवरून कापावे लागते. तेथे धिप्पाड, दणकट स्पर्धकाला अनुकूलता असते. लिएझची शर्यत मात्र आर्देनच्या लांब चढांवर हलक्या अंगकाठीच्या स्पर्धकाकडे झुकते. इतक्या भिन्न कसोट्यांची बेरीज करणे कितपत न्याय्य, हा प्रश्न या स्पर्धेला अखेरपर्यंत चिकटून राहिला.

असा प्रयत्न त्यापूर्वीही झाला होता. १९४८ मध्ये फ्रान्स, इटली व बेल्जियम येथील वृत्तपत्रांनी एकत्र येऊन ‘देग्रांझ–कोलोंबो’ स्पर्धा सुरू केली. टूर द फ्रान्सचे जनक आंरी देग्रांझ आणि इटालियन क्रीडापत्रकार एमील्यो कोलोंबो यांची नावे तिला देण्यात आली. तीत एकदिवसीय शर्यतींबरोबर टूर द फ्रान्स व इटलीची जीरो यांसारख्या अनेक टप्प्यांच्या शर्यतींचेही गुण धरले जात. बेल्जियमचा ब्रीक स्खोटे हा तिचा पहिला, तर इटलीचा फाउस्तो कोप्पी हा दुसरा विजेता. आयोजकांतील मतभेदांमुळे ती १९५८ नंतर बंद पडली. तिची जागा पेर्नो या फ्रेंच मद्य-उत्पादक संस्थेने पुरस्कारिलेल्या ‘सुपर प्रेस्टीज’ स्पर्धेने घेतली. बेल्जियमच्या एडी मेर्क्सने ती १९६९ ते १९७५ अशी सलग सात वर्षे जिंकली. झाक आंकतील व बेर्नार ईनो या फ्रेंच स्पर्धकांनी प्रत्येकी चार वेळा. फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातींवर कायद्याने बंधने आल्यामुळे १९८७ मध्ये तिचाही शेवट झाला. पुरस्कर्त्याच्या मालाशी क्रीडास्पर्धेचे आयुष्य किती घट्ट बांधलेले असते, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

विश्वचषकाची कल्पना प्रामुख्याने हाइन व्हेरब्रुखेन या डच प्रशासकाची. धंदेवाईक सायकलपटूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते त्या वेळी प्रमुख होते. टप्प्यांच्या शर्यती वगळून केवळ एकदिवसीय शर्यतींना प्रतिष्ठा द्यावी आणि या खेळाला त्याच्या जुन्या परिघाबाहेर न्यावे, असे दोन हेतू तिच्यामागे होते. दुसऱ्या हेतूपोटी कॅनडातील माँट्रिऑल आणि इंग्लंडमधील न्यूकासल येथील नव्या शर्यतींचा समावेश झाला. पुढे १९९६ मध्ये जपानमधील शर्यतही घेण्यात आली. मात्र १९३६ पासून चालत आलेली बेल्जियममधील ‘फ्लेश वालॉन’ शर्यत बाहेरच राहिली. परंपरेला मान देणाऱ्या रसिकांना हे रुचले नाही आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. माँट्रिऑलची शर्यत १९९२ नंतर बंद झाली, इंग्लंडमधील शर्यत अनेकदा जागा बदलून १९९७ नंतर थांबली व तिच्याऐवजी जर्मनीतील हँबर्गची शर्यत आली. १९९८ पासून मालिकेतील दहाही शर्यती यूरोपातच होत्या. पहिल्या काही वर्षांत घड्याळाविरुद्धच्या शर्यतीही मालिकेत होत्या. त्या पुढे गाळण्यात आल्या.

गुणपद्धती काळानुसार बदलत गेली. नंतरच्या वर्षांत पहिल्या पंचवीस स्पर्धकांना गुण मिळत : विजेत्यास १००, दुसऱ्यास ७०, तिसऱ्यास ५०, चौथ्यास ४०, पाचव्यास ३६, सहाव्यास ३२ आणि याप्रमाणे उतरत पंचविसाव्यास एक. म्हणजे तीन शर्यतींपैकी एक जिंकून उरलेल्या दोहोंत मागे पडणाऱ्यास १०० गुण, तर चौथा, पाचवा व सहावा येणाऱ्यास १०८ गुण मिळत. विजयापेक्षा सातत्याला झुकते माप देणारी ही रचना २००४ मध्ये ठळकपणे दिसून आली. त्या वर्षी इटलीच्या दाव्हीदे रेबेल्लिनने आम्स्टेल गोल्ड व लिएझ या दोन शर्यती जिंकल्या. परंतु मालिकेतील एकही शर्यत न जिंकता त्याचाच देशबांधव पाओलो बेत्तीनी याने विश्वचषक पटकाविला. याच बेत्तीनीने २००३ मध्ये मिलान–सान रेमो, हँबर्ग व सान सेबास्त्यान अशा तीन शर्यती जिंकून चषक मिळविला होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पहिल्या वर्षीचा विजेता आयर्लंडचा शॉन केली. १९९० मध्ये इटलीच्या जान्नी बून्योने जीरो व विश्वचषक हे दोन्ही बहुमान एकाच वर्षी मिळविले; तसे पुन्हा कोणाला साधले नाही. १९९२ चा विजेता ओलाफ लूडविख हा मूळचा पूर्व जर्मनीचा हौशी ऑलिंपिक विजेता. राजकीय भिंती कोसळल्यावर धंदेवाईक सायकलिंगमध्ये आलेल्या पिढीचा तो प्रतिनिधी होय. मौरीत्सिओ फोंद्रिएस्त, योहान म्यूझेऊ व मीकेले बार्तोली यांनी प्रत्येकी दोनदा, तर बेत्तीनीने २००२ ते २००४ असा तीनदा चषक मिळविला. टूर द फ्रान्सच्या विजेत्यांपैकी मात्र एकाचेही नाव या यादीत नाही. आघाडीवरील स्पर्धक इंद्रधनुषी रंगांचे उभे पट्टे असलेली पांढरी जर्सी घाली. जगज्जेत्याच्या जर्सीवर हेच पट्टे आडवे असतात. २००० चा विजेता एरिक त्साबेल याने १९९६ ते २००३ या काळात आपण उत्तेजक द्रव्ये घेत होतो, अशी कबुली २०१३ मध्ये दिली. त्या दशकातील निकाल वाचताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

स्पर्धेचा खरा अडथळा वेळापत्रकाचा होता. एप्रिलअखेर निम्म्या शर्यती आटोपत आणि उरलेल्यांसाठी ऑगस्टपर्यंत थांबावे लागे. मधल्या काळात जीरो व टूर यांनी लोकांचे लक्ष व स्पर्धकांची शक्ती व्यापलेली असे. १९९५ पासून स्पेनची व्ह्यूएल्टा सप्टेंबरमध्ये गेल्याने वर्षाचा उत्तरार्धही दाटला. शिवाय गुणतालिकेत पुढे असलेला स्पर्धक शर्यत जिंकण्याऐवजी प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवून धावू लागला, तर त्याचा लाभ तिसऱ्यालाच होई.

२००५ मध्ये विश्वचषकाऐवजी ‘प्रो टूर’ ही व्यापक मालिका आली व तीत टप्प्यांच्या शर्यती पुन्हा समाविष्ट झाल्या. मोठ्या शर्यतींच्या आयोजकांशी संघटनेचा तिच्यावरून दीर्घ वाद झाला. २०११ मध्ये तिला ‘वर्ल्ड टूर’ हे रूप मिळाले. स्त्रियांच्या विश्वचषकात मात्र एकदिवसीय शर्यतींची मूळ कल्पना आणखी अकरा वर्षे टिकली. पुरुषांच्या मालिकेने नाकारलेली फ्लेश वालॉन तीत होती. लिथुएनियाची दिआना झिल्यूते ही पहिली विजेती होय. नेदर्लंड्सच्या मारियान व्होसने २००७ ते २०१३ या काळात तो चषक पाच वेळा मिळविला. २०१६ पासून स्त्रियांसाठीही वर्ल्ड टूर सुरू झाली.