धोका गुपिताचा

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पुनरुत्पादनाचा धडा 'घरी वाचून या' म्हणून सोडून दिला होता. त्यामुळे एच.आय.व्ही. हा शब्द ठाऊक, पुढचं सगळं अंधारात. एन.एस.एस.च्या कॅम्पला एका गावात गेलो, तेव्हा तिथल्या आशाताईंनी सरळच विचारलं, "नवरा पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह. त्यांनी संसार करायचा की नाही?" आमचा अख्खा ग्रुप गप्प!

उत्तर आहे, करता येतो. कसा ते बघू.

शरीरसंबंधांतून लागण होण्याची शक्यता रक्तात विषाणू किती आहेत, त्यावर ठरते. ए.आर.टी.च्या गोळ्या रोज घेतल्या की ही संख्या घटत जाते आणि साधारण सहा महिन्यांत तपासणीत सापडेनाशी होते. मीटरच्या लीस्ट काउंटखालचं रीडिंग आपल्याला दिसत नाही ना, तसंच. विषाणू शरीरात असतोच, पण इतका कमी, की संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. 'एच.पी.टी.एन. ०५२' या अभ्यासात नऊ देशांतली १७६३ जोडपी होती, त्यात आपल्या पुण्यातलीही. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं २०११ साली दिसलं. २०१६ साली युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासाचे निष्कर्ष आले. उपचाराने विषाणू दबलेला, कंडोमशिवाय संबंध, अशी ८८८ जोडपी. पण एकालाही आपल्या जोडीदाराकडून लागण झाली नाही.

मग अडतं कुठे? सरकारी केंद्रांत गोळ्या २००४ पासून फुकट आहेत. २०१७ पासून तर पॉझिटिव्ह निघालं की लगेच सुरू करतात. अडतं ते घरात आणि गावात. केंद्र लांब, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. गोळ्यांची डबी सासूला दिसू नये म्हणून लपवायची. ऊसतोडीला गेलं की महिनोन् महिने फडावर, मग गोळ्यांत खंड. कंडोम मागावा तर दुकानदार नात्यातला! आणि गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. जोडीदाराला पत्ताच नसतो. म्हणजे संबंधांपेक्षा मोठा धोका गुपितात आहे.

बाईचं तर आणखी अवघड. गरोदरपणात तपासणी होते, म्हणून कित्येकदा तिचंच आधी कळतं आणि 'तूच आणलास' हा ठपकाही तिच्यावरच बसतो. यासाठीच २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा आहे, तो सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. नवऱ्याला कळल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरांना त्याला सांगता येत नाही.

आशाताईंचा सल्ला सोपा होता: दोघांनी मिळून तपासणी करा, गोळी चुकवू नका, विषाणूचा रिपोर्ट नीट येईपर्यंत कंडोम वापराच. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. तेही होऊ शकतं.

आणि आपलं काम? सुट्टीत घरी गेल्यावर कुणाकडे अशी डबी दिसली तर चर्चा करू नका. कुणाला माहिती हवी असेल तर १०९७ हा फुकट हेल्पलाइन नंबर द्या. तेवढ्यानेही कुणाची उद्याची गोळी चुकणार नाही.